तांब्यावर पेन चालवताना: जुन्या प्लॉटरवर घरचा सर्किट बोर्ड

भंगारवाल्याकडे पेन प्लॉटर दिसला तर आधी त्याची मागची बाजू बघा. पुढून सगळे सारखेच: पिवळट पडलेलं प्लास्टिक, वाळून गेलेली पेनं, कुठंतरी एक तुटलेलं झाकण. मागे डी आकाराचा २५ पिनांचा सॉकेट असेल तर तो सिरियल, म्हणजे आरएस-२३२. बिनधास्त घ्या. दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला २४ पट्ट्यांचा सॉकेट असेल तर तो एचपी-आयबी. त्याला संगणकाशी जोडायला वेगळा ॲडाप्टर लागतो, तो मिळवण्यातच उत्साह संपतो. पहिलं यंत्र सिरियलचंच असू द्या.

मग व्होल्टेज. परदेशातून आलेली यंत्रं १२० व्होल्टवर लावलेली असू शकतात. मागे निवडायची सोय असते, ती आणि फ्यूज बघितल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टमध्ये प्लग घालू नका. मी एकदा घातला होता. आवाज फार झाला नाही, वास मात्र दोन दिवस राहिला.

प्लॉटर म्हणजे काय ते न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. प्रिंटर कागदावर ठिपके टाकतो, प्लॉटर खरंच पेन धरून रेघ ओढतो. आपण ती रेघ तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर पक्क्या शाईनं ओढणार. मग बोर्ड फेरिकमध्ये, म्हणजे तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये टाकायचा. शाईखालचं तांबं तेवढं उरतं, तेच सर्किट. एचपीची ७४७०ए आणि ७४७५ए ही १९८० च्या दशकातली यंत्रं त्यातली बरीच प्रसिद्ध. पहिल्यात दोन पेनं, दुसऱ्यात सहा. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला मशीन शॉप, फाउंड्री, पॅटर्नवाले पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि जिथं यंत्राचे भाग बनतात तिथं ड्रॉइंग लागतंच. त्यामुळे असं एखादं यंत्र कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं असतं. विचारत राहायचं. मला माझं मिळालं तेव्हा विकणारे मामा म्हणाले, “कशाला पाहिजे हे? पेनं सगळी वाळल्यात की.” त्या वाळलेल्या पेनांसाठीच मी ते घेतलं, कारण पुढे बघाल.

आणि अजिबातच नाही मिळालं तर गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियम कापून देणाऱ्याकडे जा. त्याचं कटिंग मशीन हे पेन प्लॉटरचंच भावंड. पेनाच्या जागी पातं, आणि यंत्राला हुकूम द्यायची भाषा बहुतेक वेळा प्लॉटरचीच, एचपी-जीएल. ओळख असेल तर तो संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असताना पात्याऐवजी पेन लावू देतो. मात्र ते मशीन गुंडाळीतून येणारं पातळ साहित्य ओढण्यासाठी असतं, आणि त्यावरून पुढचा मुद्दा येतो.

बोर्ड हलतो की पेन हलतं

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. एचपी ७४७० आणि ७४७५ मध्ये पेन फक्त आडवं सरकतं. दुसऱ्या दिशेला कागद स्वतःच मागेपुढे होतो, त्याला दोन खरखरीत चाकं धरून ओढतात. तिथं १.६ मिलिमीटरचा कडक ग्लास इपॉक्सी बोर्ड घालायला गेलात तर तो आत जाणारच नाही, आणि जबरदस्तीनं घातला तर चाकांची वाट लागेल. या यंत्रांत कागदासारखं वाकणारं पातळ तांब्याचं लॅमिनेट चालतं, तेही कडेला चाकांचे दात उमटणार हे धरून.

कडक बोर्डासाठी सपाट पाटाचा प्लॉटर हवा, म्हणजे ज्यात बोर्ड निवांत पडून राहतो आणि पेनच दोन्ही दिशांना फिरतं. रोलँडची डीएक्सवाय मालिका, ११०० पासून १३०० पर्यंत, अशीच आहे. ए-३ आकाराचा पाट, आठ पेनं, एचपी-जीएल समजते. काही मॉडेलमध्ये कागद स्थिर विजेनं पाटाला चिकटवून ठेवायची सोय असते. तांब्याचा बोर्ड ठेवताना ती बंद ठेवा आणि बोर्ड दुहेरी टेपनं चिकटवा.

सपाट प्लॉटर नसेल आणि फिरत्या कागदाचाच असेल तर एक आडवाट आहे. पारदर्शक ओएचपी फिल्मवर दाट काळी रेघ ओढून घ्यायची आणि ती फिल्म फोटोरेझिस्ट, म्हणजे उजेडानं बदलणारा लेप, लावलेल्या बोर्डावर ठेवून अतिनील दिव्याखाली धरायची. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले रोज हेच करतात, त्यांच्या भाषेत ती ‘पॉझिटिव्ह’. पण आजचा लेख थेट तांब्यावर रेघ ओढण्याबद्दल आहे, म्हणून फिल्मचा मार्ग इथंच सोडतो.

मुळात हे करायचं कशाला, असंही कुणी विचारेल. ऑनलाइन मागवलेला बोर्ड सुबक असतो, दोन बाजूंचा असतो, त्यावर हिरवा लेपही असतो. बारीक पायांची आयसी लावायची असेल तर मागवाच. प्लॉटर उपयोगी पडतो तो सकाळी सुचलेलं सर्किट संध्याकाळी चालू करायचं असेल तेव्हा. लेझर प्रिंटरचा टोनर इस्त्रीनं तांब्यावर उतरवण्याच्या पद्धतीत कागद भिजवून सोलताना अर्ध्या रेघा निघून येतात, तो मनस्ताप इथं नाही. दुसरा आहे, त्याचं नाव पेन.

सगळं पेनावर अवलंबून

ही यंत्रं ०.०२५ मिलिमीटरच्या हिशोबानं चालतात. नवखा माणूस हा आकडा वाचतो आणि वाटतं, वा, केसापेक्षा बारीक रेघ येणार. येत नाही. यंत्र केसाच्या अचूकतेनं मोठा झाडू फिरवतं असं समजा. झाडू किती रुंद आहे ते बघूनच बोर्डाचं डिझाइन करायचं. मी पहिले दोन महिने उलटं करत होतो: डिझाइन आधी आणि पेनाला शिव्या नंतर.

प्लॉटरची मूळ पेनं पाण्याच्या शाईची असतात. ती तांब्यावर थेंब थेंब होऊन बसते आणि फेरिकमध्ये क्षणात निघून जाते. आपल्याला हवी स्पिरिटवर बनलेली पक्की शाई. स्टेडलरचं ल्युमोकलर पर्मनंट, बारीक टोकाचं, चांगलं काम देतं. साधे ओएचपी किंवा सीडी मार्करही चालतात, पण प्रत्येक रंगाची चाचणी घ्या. काळा दाट दिसतो म्हणून तो टिकाऊ असतो असं नाही. एका तुकड्यावर तीन-चार पेनांनी रेघा ओढा, वाळवा, वीस मिनिटं फेरिकमध्ये ठेवा. जी रेघ काठापर्यंत शाबूत राहील ते पेन तुमचं.

आता ते पेन प्लॉटरच्या चिमट्यात बसवायचं कसं? त्यासाठीच मी वाळलेली पेनं घेतली होती. मूळ पेन म्हणजे मापाचा नमुना. व्हर्नियरनं त्याच्या तीन गोष्टी मोजा: चिमटा जिथं धरतो तिथला व्यास, कडेची कॉलर कुठं आहे, आणि कॉलरपासून टोकापर्यंतचं अंतर. या मापाची नायलॉनची नळी लेथवर काढून घ्यायची, आतून मार्करच्या जाडीची. मी नमुना घेऊन एका लेथवाल्याकडे गेलो. त्यानं पेन उलटसुलट करून बघितलं, हसला, म्हणाला, “आगतदरी, नाळे बर्री.” कन्नडमध्ये, होईल, उद्या या. खरंच दुसऱ्या दिवशी दोन तयार होत्या, आणि पैसे चहाइतकेच घेतले. त्याला माझं सर्किट कळलं नव्हतं, पण शंभराव्या भागाचं माप पक्कं कळत होतं.

टोकाच्या उंचीत एक गोम आहे. चिमटा पेन फार थोडं उचलतो. बोर्ड १.६ मिलिमीटर जाड असेल तर कागदासाठी बसवलेलं टोक उचलल्यावरही तांब्याला घासत जातं आणि एका पॅडपासून, म्हणजे भागाचा पाय जिथं डाखतात त्या तांब्याच्या ठिपक्यापासून, दुसऱ्यापर्यंत नको असलेली रेघ उमटते. नळीत मार्कर तेवढ्याच मापानं वर बसवा. नाहीतर ०.८ मिलिमीटरचा बोर्ड वापरा, नवशिक्याला तो सोपा जातो.

मग पेनाची खरी रुंदी मोजा. पाकिटावर ०.४ लिहिलेलं पेन गुळगुळीत तांब्यावर त्याहून जाड उमटतं, कारण तांबं शाई शोषत नाही, ती पसरते. चांगली युक्ती अशी: समांतर रेघांच्या जोड्या ओढा. पहिल्या जोडीत दोन रेघांच्या मधोमधचं अंतर १ मिलिमीटर, पुढच्यात ०.९, असं उतरत ०.४ पर्यंत. ज्या जोडीत मधली फट बुजली तो आकडा म्हणजे तुमच्या पेनाची रुंदी. माझी ०.६ च्या आसपास येते. हा आकडा कागदावर लिहून यंत्रावरच चिकटवून टाका.

डिझाइन पेनाच्या मापाचं

पहिलं काम म्हणून पाण्याच्या टाकीचा इंडिकेटर घ्या. ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही तिथं गच्चीवर चढून टाकीत डोकावण्याचे कष्ट वाचतात, त्यामुळे घरचे लोकही या छंदाकडे जरा प्रेमानं बघतात. यूएलएन-२००३ ही १६ पायांची आयसी, काही एलईडी आणि रेझिस्टर, एवढ्यात काम होतं. एका बाजूचा बोर्ड पुरतो, एखाद-दुसरा जंपर, म्हणजे वरून जोडलेली तार, लागेल.

किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक, म्हणजे पॅड जोडणारी तांब्याची पट्टी, १ मिलिमीटर ठेवा, दोन तांब्यांमधली फट ०.८. आयसीच्या पायांमधलं अंतर २.५४ असतं. पॅड १.६ रुंद ठेवलं तर दोन पॅडमध्ये ०.९४ उरतं. त्यातून ट्रॅक न्यायचा मोह टाळा, बाहेरून वळसा घाला. पॅड लांबट करा म्हणजे ड्रिल जरा सरकलं तरी तांबं उरतं. मोकळ्या जागेत ग्राउंडचं सलग तांबं भरायची सवय असेल तर ती या कामात सोडून द्या. तिथला प्रत्येक चौरस मिलिमीटर त्या बिचाऱ्या पेनालाच रंगवावा लागतो, आणि निम्म्यात शाई संपते.

प्लॉट काढताना किकॅडच्या बऱ्याच आवृत्त्यांत एचपीजीएल हा पर्याय मिळतो, त्यात पेनाची जाडी विचारतात. तिथं पाकिटावरची नव्हे, तुम्ही मोजलेली घाला. सॉफ्टवेअर कडेपासून पेनाच्या निम्म्या जाडीइतकं आत राहून रेघ ओढतं, म्हणून हा आकडा चुकला की सगळे पॅड फुगतात. हा पर्याय नसेल तर एसव्हीजी काढून इंकस्केप किंवा व्हीपाइप यांतून एचपी-जीएल बनवता येतं. तिथं भराव्याच्या रेघा पेनाच्या रुंदीच्या पाऊणपट अंतरावर ठेवा, म्हणजे त्या एकमेकींवर चढतात आणि मध्ये तांबं उघडं राहत नाही. पॅडच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका रिकामा सोडला तर तिथलं तांबं विरघळून खळगा तयार होतो, ड्रिलचं टोक त्यात आपोआप बसतं.

आणि आरसा. खालच्या बाजूचं तांबं पडद्यावर आपण वरून, बोर्डातून आरपार बघितल्यासारखं बघतो. पेन मात्र थेट तांब्यावर चालणार, म्हणून चित्र उलटं, म्हणजे मिरर करून पाठवायचं. टोनरवाल्या पद्धतीत हे उलटं करावं लागत नाही, म्हणून तिकडून आलेले हमखास चुकतात. खात्रीचा उपाय: खालच्या तांब्याच्या थरावर आपलं नाव लिहा. पडद्यावर ते उलटं दिसेल. तांब्यावर सरळ वाचता आलं तर सगळं बरोबर.

यंत्राशी बोलणं

हल्लीच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, यूएसबी-सिरियल वायर लागते. ती खऱ्या आरएस-२३२ पातळीची घ्या. आर्डुइनोसोबत मिळणारं उघडं छोटं मॉड्यूल पाच व्होल्टचं असतं, ते इथं लावू नका. प्लॉटरच्या मागच्या छोट्या स्विचांवर वेग ठरतो. ९६०० ठेवा, संगणकावरही तोच.

एचपी-जीएल ही गरीब स्वभावाची भाषा आहे. दोन अक्षरांची आज्ञा, पुढे आकडे. आयएन म्हणजे नव्यानं सुरू कर, एसपी म्हणजे पेन निवड, पीयू पेन वर, पीडी पेन खाली, व्हीएस म्हणजे वेग. ४० एकक म्हणजे १ मिलिमीटर. टर्मिनलमधून रोमन अक्षरांत हे पाठवून बघा: आयएन; एसपी१; व्हीएस३; पीयू१०००,१०००; पीडी५०००,१०००,५०००,५०००,१०००,५०००,१०००,१०००; पीयू; एसपी०; मग कागदावर १०० मिलिमीटरचा चौरस उमटायला हवा. यंत्र ठीक आहे याची ही खूण. मग तेवढाच चौरस आपल्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधून पाठवा आणि पुन्हा व्हर्नियर लावा. ९८.४ आला तर सॉफ्टवेअर इंचाला १०१६ ऐवजी १००० एककं धरतंय. चौरसात दीड मिलिमीटर काही वाटत नाही, पण लांब कनेक्टरचे शेवटचे पाय तेवढ्यानंच भोकात बसत नाहीत.

सगळ्यांना एकदा तरी रडवणारा दोष सांगतो. सुरुवातीच्या रेघा सुरेख येतात आणि मग अचानक पेन बोर्डभर वेड्यासारखं तिरकं पळू लागतं. यंत्र बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. ७४७५ ची आठवण जेमतेम १०२४ बाइटची, ७४७० ची २५५. संगणक न थांबता ओतत राहिला की ती भरून सांडते, आकडे गळतात, आणि पेन चुकीच्या जागी जातं. प्लॉटर ‘थांब’ म्हणतो ते संगणकाला ऐकू गेलं पाहिजे: प्लॉटरच्या २० नंबरच्या पिनेवरची डीटीआर तार संगणकाच्या ९ पिनांच्या बाजूला ८ नंबरच्या सीटीएसला जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर हँडशेक चालू करा. बाजारातल्या तयार वायरीत ही जोडणी बहुधा नसते.

रेघ ओढण्याचा दिवस

तांबं आधी हिरव्या घासणीनं, मग पितांबरीनं घासा, धुवा, पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा पडला की शाई तिथून सरकते. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी ओली असते की रात्री घासलेलं तांबं सकाळी काळवंडतं. घासल्यावर लगेच काम करा.

बोर्डाच्या दोन बाजूंना त्याच जाडीच्या पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवून ठेवा, म्हणजे प्रत्येक बोर्ड त्याच जागी बसेल. आधी एका कोपऱ्यात, जिथं काही नाही तिथं, पाच-सहा रेघोट्या काढू द्या. पेनाचं टोक ओलं झालं की मग खरं काम. वेग अगदी कमी, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. कागदावर जो वेग शोभतो तो तांब्यावर नुसता पुसट पट्टा सोडतो.

एका फेरीत शाईला सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, म्हणून दुसरी फेरी लागते. पण घाई केली तर नवी शाई जुनीला विरघळवते आणि टोक तिला ओढत नेतं. हेअर ड्रायरनं पूर्ण वाळवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरी फेरी जरा जलद. दोन फेऱ्यांमध्ये बोर्ड जागचा हलवू नका. मध्येच वीज गेली तरी उचलू नका. वीज आली की यंत्र आपलं मूळ स्थान पुन्हा शोधतं आणि तीच फाइल पहिल्यापासून चालवली तर रेघ रेघेवर पडते.

शेवटी भिंगाखाली बघा. तुटलेली रेघ हातानं मार्करनं जोडा, चिकटलेल्या दोन रेघा ब्लेडच्या टोकानं सोडवा. फेरिकमध्ये टाकण्याआधीची ही पाच मिनिटं पुढचा एक तास वाचवतात.

फेरिक

फेरिक क्लोराइड तांब्याला विरघळवून कॉपर क्लोराइड करतं आणि स्वतः फेरस क्लोराइड होतं. पावडर नेहमी पाण्यात, थोडी थोडी. पावडरवर पाणी ओतलं तर ते तापून उसळतं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. ट्रे प्लास्टिकचा. स्टीलचं भांडं आणि स्वयंपाकघरातलं सिंक यांच्या जवळपासही नाही, फेरिक स्टेनलेस स्टीललाही खातं. शहाबादी फरशी असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा. तो चुनखडीचा दगड, आम्लाचा थेंब पडला की नुसता डाग नाही, खळगा पडतो.

ट्रे कोमट पाण्याच्या टबात ठेवा. ४० अंशांच्या आसपास काम नीट चालतं, डिसेंबरातल्या गार सकाळी तसंच ठेवलं तर तास होतो आणि तोवर शाई दमते. ट्रे सतत हलवत राहा. ताज्या फेरिकमध्ये ३५ मायक्रॉनचं तांबं दहा ते वीस मिनिटांत जातं. शेवटचा तांबूस ढग गेला की लगेच बाहेर काढा, कारण जास्त ठेवलं तर शाईच्या खालून रेघ कुरतडली जाते.

तेच फेरिक बाटलीत भरून पुन्हा पुन्हा वापरता येतं. झाकण प्लास्टिकचं, वर मोठ्या अक्षरांत नाव. अगदी निकामी झालं तरी मोरीत ओतू नका. मोरीतलं नाल्यात जातं, आणि बेळगावचा बळ्ळारी नाला पुढे वडगाव-शहापूरच्या भातशेतातून जातो. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येतो म्हणून मोठ्या भांड्यात. तांबं आणि लोह खाली गाळ होऊन बसतात. तो गाळ वाळवून बंद डब्यात ठेवा आणि जिथं रासायनिक सांडपाण्यावर प्रक्रिया होते अशा कारखान्यातल्या किंवा कॉलेजच्या रसायनशाळेतल्या माणसाला विचारून द्या.

उरलेलं

शाई थिनरनं पुसा. आयसी आणि रेझिस्टरला ०.८ चं ड्रिल, १-एन-४००७ सारख्या डायोडला आणि कनेक्टरला १ चं. ग्लास इपॉक्सीची धूळ छातीत जाऊ देऊ नका, मास्क लावा. उजेडासमोर धरून बोर्ड एकदा बघा, मीटरनं शेजारच्या पॅडमध्ये शॉर्ट नाही ना तपासा. मग राळ अल्कोहोलमध्ये विरघळवून पातळ हात फिरवा. तांबं काळं पडत नाही आणि डाख सहज बसतो.

हे सगळं करायच्या नादात पेन चिमट्यातच राहतं. आधी ते काढून टोपण लावा आणि आडवं ठेवा.